वसईच्या तटाआडचं मिशन

१७३९ साली मराठ्यांचा वेढा आवळत चालला, तेव्हा वसईतल्या पोर्तुगीजांनी मुंबईच्या इंग्रजांपुढे हात पसरले. कोटातला खजिना रिता झाला होता आणि गोव्याहून पुरेशी कुमक येण्याची आशा मावळत होती. इंग्रजांनी आपलं सैन्य लढायला पाठवलं नाही. थोडाफार दारूगोळा पुरवला आणि १५ हजार रुपयांचं कर्ज दिलं. त्या कर्जाला तारण म्हणून पोर्तुगीजांनी काय दिलं? चर्चमधली चांदीची पात्रं आणि काही पितळी तोफा.

एकाच तारणात वेदीवरची चांदी आणि बुरुजावरच्या तोफा. वसईतली दोनशे वर्षांची पोर्तुगीज राजवट समजून घ्यायला याहून नेमका तपशील सापडणं अवघड आहे. तिथे धर्मप्रसार आणि लष्कर एकाच तटाच्या आत, एकाच राजाच्या खर्चाने वाढले. कर्जाची वेळ आली तेव्हा दोघांची मत्ताही एकत्रच गहाण पडली.

खानदेशातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटेल. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पश्चिम खानदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक आले, त्यांनी आदिवासी पट्ट्यात शाळा, वसतिगृहं आणि दवाखाने काढले. या भागातले भिल्लांचे उठाव आणि इंग्रजी फौजांच्या मोहिमा तोवर जुन्या झाल्या होत्या. त्यामुळे नवापूरकडच्या मिशनला ना तट होता, ना खंदक, ना तोफ. वसईची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे आधी आरमार आलं, त्याच्या पाठोपाठ साधू आले आणि दोघांनी मिळून शहर वसवलं.

सुरुवात १५३४ सालची. गुजरातचा सुलतान बहादुरशाह तेव्हा दोन्हीकडून अडचणीत होता. उत्तरेकडून हुमायूनची स्वारी येऊ घातली होती आणि समुद्रावर पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्याची गलबतं गुजरातचा किनारा जाळत फिरत होती. एका शत्रूला शांत करावं म्हणून सुलतानाने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. साष्टीचं बेट आलं, मुंबईची बेटंही आली. दोन वर्षांत खाडीच्या तोंडाशी दगडी गढी उभी राहिली. तिला नाव मिळालं संत सेबास्तियनचं. वसईचा किल्ला म्हणून आज जो विस्तीर्ण कोट दिसतो, त्याच्या पोटात ही पहिली गढी अजून आहे आणि तिच्या दरवाजावर पोर्तुगालचं राजचिन्हही आहे.

गढीच्या मागोमाग फ्रान्सिस्कन पंथाचे साधू उतरले. त्यांच्यातलं मोठं नाव फ्राय अंतोनियो दो पोर्तो यांचं. त्यांच्या पुढाकाराने कोटात संत अंतोनीचं चर्च आणि मठ उभा राहिला. १५४८ साली जेझुइट आले. फ्रान्सिस झेवियर स्वतः वसईला येऊन गेले होते आणि त्यांनीच आपले सहकारी इथे धाडले. जेझुइटांनी येशूच्या पवित्र नावाने कॉलेज सुरू केलं. पुढे डोमिनिकन आले, त्यांनी संत गोन्सालोचं चर्च बांधलं. ऑगस्टिनियनही आले. राजाच्या आज्ञेने संत जोसेफचं मुख्य चर्च बांधलं गेलं आणि १६०१ साली गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस यांच्या काळात ते वाढवलं गेलं. त्याचा शिलालेख तिथेच होता.

या साऱ्या बांधकामाचा पैसा कुठून येत होता, हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट उलगडत नाही. पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चचं पालकत्व बहाल केलं होतं. पोर्तुगीज त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. त्यानुसार बिशप कोण व्हावा हे राजा सुचवत असे आणि धर्मगुरूंचा खर्च त्याच्याच तिजोरीतून भागवला जात असे. मठांना गावंच्या गावं इनाम मिळत. म्हणजे वसईचा धर्मगुरू राजाच्या व्यवस्थेचा भाग होता, मग तो मनाने कितीही सात्त्विक असो. किल्ल्याच्या बुरुजांची नावंही हेच सांगतात: संत सेबास्तियन, संत गोन्सालो, संत पॉल, संत पीटर, मादरे द देउस म्हणजे देवमाता, नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस म्हणजे रमेदी माता. तोफा लागल्या त्या संतांच्या नावाच्या बुरुजांवर.

याच शहरात साधारण १५५६–५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. जेझुइटांच्या हाताखाली शिकला, त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा अशी आत्मसात केली की दुभाषा म्हणून त्याची ख्याती झाली. काही काळ त्याने व्यापारही केला. नंतर मनिलात तो फ्रान्सिस्कन पंथात बंधू म्हणून दाखल झाला आणि जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर त्याला इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आलं. १८६२ साली रोममध्ये त्याला संतपद जाहीर झालं. भारतात जन्मलेला तो पहिला संत, आणि तो वसईच्या कोटातला. वसईच्या मिशनची गोष्ट फक्त तोफांची आणि जुलमाची म्हणून सांगणाऱ्यांनी या मुलाची आठवण ठेवायला हवी. आईकडून इथल्या मातीचा, आणि मेला तो आपल्या राजाची एकही तोफ पाठीशी नसलेल्या परक्या मुलखात.

शहराच्या भरभराटीच्या काळात कोटात फिदाल्गो म्हणजे पोर्तुगीज सरदार घराण्यांचे वाडे होते. वसईचा काळा दगड इतका नावाजलेला की गोव्यातल्या बाँ जेझूस चर्चच्या दर्शनी भिंतीसाठी तो जहाजांतून नेला गेला. इथल्या लाकडाची जहाजं बनत. बाहेरच्या वाड्यांत ऊस, केळी आणि पानवेलींच्या बागा होत्या. पण ही समृद्धी ठिसूळ होती. मे १६१८ मध्ये आलेल्या प्रचंड वादळाने चर्चची छपरं उडवली, घरं पाडली. १६७४ मध्ये मस्कतचे सहाशे अरब चाचे किनाऱ्यावर उतरले आणि त्यांनी तटाबाहेरची सगळी चर्च लुटली. कोटातल्या शिबंदीने दरवाजे लावून घेतले, ती बाहेर आली नाही. तटाच्या आतलं मिशन सुरक्षित, बाहेरचं वाऱ्यावर. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे साठ-पासष्ट वर्षांनी नेमकं याच्या उलट घडलं.

तटाबाहेर मिशनने काय केलं, हे पाहायला बोरिवलीला जावं. मंडपेश्वर हे प्राचीन शैव लेणं. आत नृत्य करणाऱ्या शिवाचं सुंदर शिल्प आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सिस्कनांनी या लेण्याचं चर्च केलं, वर मठ आणि विद्यालय बांधलं. मूर्ती भिंतीआड गेल्या आणि एका भिंतीवरचं मूळ कोरीव काम तासून तिथे मोठा क्रूस खोदला गेला. तो क्रूस आजही स्पष्ट दिसतो. वरच्या बाजूला मठाच्या उघड्या भिंती, खाली शिवलिंगापुढे फुलं, शेजारी आजचं चर्च. तिन्ही एका नजरेत येतात. मराठ्यांनी साष्टी घेतल्यावर लेणं पुन्हा शैवांचं झालं, इंग्रजी अमलात ते परत चर्चकडे गेलं आणि आता ते पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली आहे. पाच-सहाशे पावलांच्या आवारात चारशे वर्षांची ओढाताण दगडातच नोंदली गेलेली अशी दुसरी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल.

मंडपेश्वर एकटं नव्हतं. देवळं पाडली गेली, हिंदूंच्या सणासमारंभांवर बंधनं आली. बाप मेलेल्या हिंदू मुलांना आईकडून वा नातलगांकडून काढून मिशनच्या ताब्यात द्यावं, त्यांना ख्रिस्ती रीतीने वाढवावं, असा कायदा सोळाव्या शतकातच झाला होता. गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मन्यायालयाचा, हात इथवर पोचत होता. ज्याला देशमुखी-पाटिलकीचा मान होता, त्याला आपल्याच गावात लग्नाची वरात उघडपणे काढता येऊ नये, ही सल दोन-तीन पिढ्यांत विझत नाही. खाडीपलीकडच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ हे अशाच दुखावलेल्या घराण्यातले. त्यांनी वर्षानुवर्षं पुण्याला खेपा घालून पेशव्यांकडे दाद मागितली, वाटा आणि उतार दाखवले, फितुरीची सूत्रं जुळवली. साष्टीची मोहीम पुण्यात ठरली खरी, पण तिची वाट अंजूरकरांनी आधीच आखून ठेवली होती.

मार्च १७३७ च्या अखेरीस मराठी फौजा ठाण्यात शिरल्या. ठाण्याचा किल्ला अजून पुरा बांधून झाला नव्हता. बघता बघता साष्टी हातची गेली, घोडबंदर गेलं, अर्नाळाही मराठ्यांकडे आला. वसई मात्र पडली नाही. शिड्या लावून तट चढण्याचे प्रयत्न झाले आणि फसले. पावसाळा आला, गेला. गोव्यातले व्हाइसरॉय कोंद द सांदोमिल यांनी उत्तरेकडे जनरल पाठवले. त्यांतले पेद्रु द मेलु ठाण्यावर चालून गेले आणि १७३८ च्या अखेरीस तिथेच मारले गेले.

यानंतर पेशवे बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा स्वतः उतरले. त्यांची आखणी पाहिली की हा माणूस नकाशा डोक्यात घेऊन लढत होता हे कळतं. आधी वसईच्या उत्तरेची ठाणी घेतली: केळवे, माहीम, तारापूर. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले, चिमाजी अप्पांच्या अगदी जवळचे. दक्षिणेला वर्सोवा आणि खाडीच्या तोंडावरचं धारावी बेट घेतलं, म्हणजे समुद्राकडून वसईला मिळणारी मदत रोखता येऊ लागली. त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे गोव्यात घुसले, मडगाव घेऊन राशोलच्या किल्ल्याला भिडले. गोव्याला स्वतःचाच जीव वाचवायची पाळी आली, तर वसईला फौज धाडणार कुठून?

फेब्रुवारी १७३९ मध्ये वसईला वेढा पडला. कोटाच्या तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. हल्ला करता येईल अशी एकच बाजू, उत्तरेची वाळूची पट्टी. तिथे समोर दोन बुरूज: संत सेबास्तियन आणि रेमेदियोस. मराठ्यांनी वाळूत मोर्चे खणत खणत पुढे सरकायला सुरुवात केली. दिवसा खणलेलं रात्री पोर्तुगीज बाहेर पडून बुजवत, तोफांचा मारा तर अखंड चालू. पोर्तुगीज सेनापती मार्तिन्यु दा सिल्वैरा द मेनेझेस वेढ्यातच मारला गेला आणि काएतानो द सौझा पेरैरा याने सूत्रं घेतली. मराठ्यांच्या बाजूला मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे नामांकित सरदार होते, समुद्रावर मानाजी आंग्र्यांचं आरमार होतं.

चिमाजी अप्पांना घाई करायचं कारण दूर उत्तरेत होतं. त्याच फेब्रुवारीत नादिरशाहाने कर्नालला मुघल फौज धुळीस मिळवली होती आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. नादिरशाह दक्षिणेकडे वळला तर काय, या चिंतेने बाजीराव बऱ्हाणपूरच्या बाजूला थांबून होते. त्यांना मल्हाररावांची, राणोजींची, खुद्द भावाची गरज होती. वसईच्या वाळूत अडकलेली फौज मोकळी व्हायला हवी होती आणि कोट तर वाकत नव्हता. तटापुढे हतबल झालेल्या चिमाजी अप्पांनी, आता मला तोफेच्या तोंडी देऊन निदान माझं शिर तरी आत फेका, असं सरदारांना म्हटल्याची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. ती दंतकथा असली तरी त्या वेळची निकड तिच्यात नेमकी उतरली आहे.

शेवटचा निर्णय सुरुंगांनी केला. तटाखाली भुयारं खणून दारू भरली गेली. मेच्या मध्यावर बत्ती दिली. काही सुरुंग उडाले, संत सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मराठे त्यातून आत घुसू लागले. तेवढ्यात मागे राहिलेले सुरुंग उडाले आणि चढणारे आपलेच लोक शेकड्याने उडवले गेले. तरीही हल्ला थांबला नाही. पोर्तुगीज वरून हातबाँब, जळती दारू, उखळी तोफांचे गोळे टाकत होते. खिंडारात दिवसभर हातघाईची लढाई झाली. बुरुजावर पाय रोवले गेले आणि तिथून शहरावर तोफा वळवल्यावर लढण्यात अर्थ उरला नाही. पांढरं निशाण वर गेलं.

शरणागतीची कलमं १६ मे १७३९ रोजी ठरली आणि २३ मे रोजी पोर्तुगीज कोटाबाहेर पडले. मराठी पुस्तकांत याच घटना ५ मे आणि १२ मे अशा तारखांनी आढळतात, कारण इंग्रजांचं जुनं कॅलेंडर अकरा दिवस मागे होतं आणि पुष्कळ नोंदी त्याप्रमाणे केलेल्या आहेत. इतिहासकार ग्रँट डफच्या नोंदीनुसार मराठ्यांची हानी पाच हजारांवर होती, पोर्तुगीजांचे मेलेले आणि जखमी मिळून आठशे. हे आकडे शेजारी ठेवले की वाळूच्या त्या पट्टीवर किती रक्त सांडलं याचा अंदाज येतो. जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या सहापट माणसं गमावली होती.

तहाच्या अटी मात्र उदार होत्या. शिबंदीने शस्त्रांसह, नगारे वाजवत, निशाणं फडकवत बाहेर पडावं. ज्यांना जायचं आहे त्यांनी आठ दिवसांत आपली चीजवस्तू घेऊन जावं. जे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल आणि त्यांच्यासाठी तीन चर्च राहतील: एक शहरात, एक वसई प्रांतात, एक साष्टीत. इतक्या रक्तपातानंतर, इतक्या जुन्या जखमा असताना, विजेत्याने हे कलम मान्य केलं. ज्या राजवटीने देवळं पाडली तिच्या प्रजेला स्वतःची प्रार्थनास्थळं ठेवू देणं, हा त्या मोहिमेतला सर्वांत मोठा निर्णय मानायला हवा. तो तटावरच्या पराक्रमाइतकाच सांगितला गेला पाहिजे, आणि तो फार कमी सांगितला जातो.

धर्मप्रसाराची जागा पुढे रणभूमी झाल्याचं जगातलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या टेक्सासमधलं आलामो. तेही फ्रान्सिस्कनांचं आणि तेही संत अंतोनीच्या नावाचं, १७१८ साली स्थापन झालेलं. १८३६ साली तिथे मेक्सिकोच्या सान्ता आनाने तेरा दिवस वेढा घातला आणि आतल्या जवळजवळ सगळ्या बंडखोरांना मारलं. पण आलामोत लढाई झाली तेव्हा तिथे मिशन उरलेलंच नव्हतं. १७९३ सालीच ते बंद होऊन पुढे घोडदळाची छावणी बनलं होतं. जाड भिंती तयार होत्या म्हणून सैनिक त्यांच्या आड शिरले, इतकंच. वसईत तसं नाही. इथे वेढ्यातही मठ, कॉलेज आणि मुख्य चर्च चालू होतं. इथलं मिशन लढाईत सापडलं नाही, ते पहिल्या दिवसापासून किल्ल्याच्या बांधणीचाच भाग होतं.

मराठ्यांच्या विजयानंतर वसईच्या कोटातल्या चर्चच्या घंटा उतरवल्या गेल्या. हत्तींवरून, बैलगाड्यांतून त्या घाट चढल्या आणि देवळांत बांधल्या गेल्या. नाशिकला गोदेकाठच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा प्रसिद्ध आहे, तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर लहानशा देवळीत एक घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम उठावात दिसते आणि १७०७ हे साल वाचता येतं. भीमाशंकरालाही अशीच घंटा आहे. पंचधातूच्या या ओतीव घंटांचा नाद इतका खणखणीत की देवळांनी त्या आपल्याशा केल्या. मेणवलीच्या घंटेवरची मरियम कोणी खरवडून काढली नाही, हे मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरी देवीला बोललेला नवसही याच काळात फेडला गेला आणि सुभेदार शंकराजी केशव फडके यांच्या देखरेखीखाली तिचं मंदिर उभं राहिलं. त्याला किल्ल्यासारखा तट आहे.

चिमाजी अप्पांना या यशाचं सुख फार लाभलं नाही. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चिमाजी अप्पा. मुंबईच्या इंग्रजांनी मात्र वसईचा धडा लगेच घेतला. मराठे आता माहीमच्या खाडीपलीकडे उभे होते. व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी काढली आणि मुंबईच्या तटाबाहेर खंदक खणायचं ठरलं.

कोटाचं पुढचं आयुष्य उतरणीचं. १७८० च्या डिसेंबरात जनरल गॉडर्डने वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती मराठ्यांना परत मिळाली. यशवंतराव होळकरांपुढे पुणं सोडून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत इंग्रजांशी तह केला आणि पेशवाईचं स्वातंत्र्य कागदावर सही करून संपवलं. एकोणिसाव्या शतकात कोटातल्या मठांच्या आवारात ऊस लावला गेला. छपरं गेली, तुळया गेल्या, भिंती राहिल्या.

दगडी मिशन असं ओसाड पडलं तेव्हा तटाबाहेरचं मिशन जगलं. युरोपातून आलेले जेझुइट आणि फ्रान्सिस्कन निघून गेले आणि गावं इथल्याच मातीतल्या धर्मगुरूंवर सोपवली गेली. पापडी, सांडोर, नंदाखाल, मर्सेस, रमेदी इथली चर्च पुन्हा उभी राहिली. राजाची तिजोरी नव्हती, इनामं नव्हती. वाडीतल्या शेतकऱ्याने केळी आणि पानं विकून आलेल्या पैशातून मेणबत्त्या आणल्या, भिंती सावरल्या. सत्ता गेल्यावर धर्मही जाईल असं ज्यांना वाटलं असेल, त्यांना या लोकांनी खोटं ठरवलं. मराठी राज्यात ते मराठी रयत म्हणून राहिले.

आजही ते तसेच आहेत. वसईतल्या ख्रिस्ती कुपारी समाजाच्या घरात कादोडी ही बोली बोलली जाते, सणाला म्हाताऱ्या बायका लाल लुगडं आणि सोन्याचे दागिने घालतात, चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते. वसईहून निघणारं ‘सुवार्ता’ मासिक मराठी वाचकांच्या परिचयाचं आहे. त्याचे दीर्घकाळ संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. नंदाखालच्या शाळेतली मुलं चिमाजी अप्पांचा धडा वाचतात आणि संत गोन्सालो गार्सियाचा सणही साजरा करतात. बाहेरच्याला यात विसंगती वाटेल, त्यांना ती वाटत नाही.

कोट पाहायला गेलेल्याने फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये थोडा वेळ काढावा. दर्शनी कमान अजून उभी आहे. आत छप्पर नाही, जमिनीवर ओळीने थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर घराण्यांची चिन्हं, शिरस्त्राणं, ढाली, आणि पोर्तुगीज मजकूर. एखाद्या शिळेवर नवरा-बायकोची नावं, एखादीवर वारसांनाही इथेच जागा असावी अशी सूचना. जेझुइट चर्चच्या दर्शनी भिंतीवर खोबणी काढलेले खांब आणि वर येशूच्या नावाची आद्याक्षरं आहेत. संत जोसेफच्या मनोऱ्यात वळणावळणाचा दगडी जिना आहे. वर गेल्यावर एका बाजूला खाडी आणि भाईंदरचा पूल दिसतो, दुसऱ्या बाजूला ती उत्तरेची पट्टी, जिथून सुरुंग आले.

या मोहिमेवर लिहिलेलं पुष्कळ आहे. गर्सन द कुन्या यांनी १८७६ साली चौल आणि वसईच्या अवशेषांवर ग्रंथ लिहिला आणि थडग्यांवरचे लेख वाचून छापले. य. न. केळकरांचं ‘वसईची मोहीम’ १९३७ साली आलं. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेल्या पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचा एक आख्खा खंड या युद्धाचा आहे आणि चिमाजी अप्पांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रंही उपलब्ध आहेत. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. तरीही त्या शिळांवरून रोज माणसं चालतात, त्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि द कुन्यांनी वाचलेली अक्षरं दर वर्षी थोडी पुसट होतात. प्रत्येक शिळेचा ठसा, छायाचित्र आणि मराठी अनुवाद असलेली यादी किल्ल्याच्या दारातच वाचायला मिळाली पाहिजे. तशीच यादी घंटांचीही हवी: कोणत्या देवळात कोणती, तिच्यावर कोणतं साल, कोणती अक्षरं. नारोशंकर आणि मेणवलीच्या घंटा सर्वांना ठाऊक आहेत. आडगावच्या देवळांत टांगलेल्या घंटांवरचं साल वाचून लिहून ठेवायला मोबाइलचा कॅमेरा आणि पुजाऱ्याची परवानगी पुरते, आणि हे काम त्या त्या गावच्या शाळेतल्या मुलांनाही करता येईल.